मिझोरमच्या घराघरांतली तांदळाची मूठ आणि आपल्या मंडळ्या: एक खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, धर्मगुरू, पाळक, पंच कमिट्या, महिला मंडळे आणि तरुण संघ यांस,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मिझोरममधल्या चंफाई गावापासून साधारण अठ्ठावीस किलोमीटरवर झोखोथार आहे. गावाखालून तिआउ नदी वाहते आणि नदीपलीकडे म्यानमार लागतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हापासून पलीकडच्या चिन प्रांतातली माणसे ही नदी ओलांडून येत आहेत. तिथून आलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला आहे. नोव्हेंबर २०२२ पासून बांगलादेशातल्या चितगावच्या डोंगराळ भागातून बॉम या आदिवासी जमातीचे लोक मिझोरमच्या लाँगत्लाई जिल्ह्यात आले. ३ मे २०२३ नंतर मणिपूरमध्ये घरे जळाली, तेव्हा तिथले सुमारे बारा हजार कुकी-झो लोक याच राज्यात आश्रयाला आले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरमची लोकसंख्या १० लाख ९७ हजार होती. आपली एकटी वसई-विरार महानगरपालिका त्याहून मोठी आहे.

एवढ्या माणसांना तिथे कोण जेवू घालते? गावे, यंग मिझो असोसिएशन या मिझो समाजाच्या स्वयंसेवी संघटनेच्या शाखा आणि चर्च. राज्य सरकारनेही दार बंद केले नाही, याची नोंद इथे करायलाच हवी. पण पहिल्या आठवड्यापासून चुलीवर भात चढला तो गावातल्या घरांतून आलेल्या तांदळाचा. मिझो ख्रिस्ती घरांत १९१० पासून एक रीत आहे. तिला बुहफाइ थाम म्हणतात. प्रत्येक वेळी भात शिजवताना घरची बाई मूठभर तांदूळ वेगळा काढते आणि तो चर्चला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे ज्या मुष्टिफंडावर चालली, त्याच जातीची ही रीत. शंभराहून अधिक वर्षे मुरलेल्या या सवयीमुळेच मिझोरमच्या मंडळ्या परक्या माणसांसाठी ताबडतोब उभ्या राहू शकल्या.

आम्ही आपल्याच मंडळ्यांचे सभासद आहोत. मदतकार्याचे हिशेब, खरेदी, कागदपत्रे आणि औषधांच्या याद्या हे आमचे काम. आपल्या मंडळ्यांनी या प्रश्नाकडे ज्या तऱ्हेने पाहिले, ते आम्हाला गप्प राहून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

या लोकांशी आपले नाते आहे, आणि ते केवळ धर्म एक असल्याचे नाही. १८१२ साली अमेरिकेतून दोन जहाजांनी काही तरुण मिशनरी कलकत्त्याला आले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले, आणि त्यांच्यापासून मराठी मिशन सुरू झाले. अहमदनगरच्या मंडळ्या त्याच झाडाच्या. त्याच तुकडीतले अडोनिराम जडसन रंगूनला गेले आणि तिथे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे काम सुरू झाले. पुढे १८९९ मध्ये त्याच मिशनचे कार्सन दांपत्य चिन टेकड्यांतल्या हाखाला पोहोचले. राहण्याचा परवाना नसलेल्या, हाकलून देण्याचा हुकूम हातात असलेल्या एकाच तुकडीकडून आपल्याला आणि चिन लोकांना शुभवर्तमान मिळाले आहे. आज त्या चिन लोकांकडे परवाना नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार: आपण एकदा दिले आणि विषय संपवला. बहुतेक मंडळ्यांत २०२१ मध्ये विशेष अर्पण झाले, मणिपूर पेटल्यावर २०२३ मध्ये आणखी एक झाले. त्यानंतर प्रार्थनेच्या यादीत नाव उरले, अंदाजपत्रकात मात्र रकमेची ओळ नाही. निर्वासिताचे पोट विशेष अर्पणाच्या रविवारी भरून पुढे वर्षभर भरलेले राहत नाही. हिशेब साधा आहे. मदतकार्यात एका माणसाचा रोजचा किमान आहार २,१०० किलोकॅलरीचा धरतात. त्यातला बहुतेक भाग साधारण ४०० ग्रॅम तांदूळ, ६० ग्रॅम डाळ आणि २५ ग्रॅम तेल यांतून येतो, शिवाय ५ ग्रॅम मीठ लागते. म्हणजे एका माणसाला महिन्याला १२ किलो तांदूळ. पाच जणांच्या कुटुंबाला ६० किलो तांदूळ, ९ किलो डाळ, जवळपास ४ किलो तेल. तीस हजार माणसांचे गणित केले तर महिन्याला ३६० टन तांदूळ आणि ५४ टन डाळ. यात भाजी, साबण, सरपण, औषध काहीच धरलेले नाही.

आता मुठीचा हिशेब पाहू. एका मुठीत ३५ ग्रॅमच्या आसपास तांदूळ मावतो. दिवसातून दोनदा काढला तर महिन्याला एका घराचे दोन किलो होतात. म्हणजे एका निर्वासिताच्या भातासाठी सहा घरांनी महिनाभर, एकही दिवस न चुकता, मूठ काढावी लागते. मिझोरममध्ये सहा घरांनी एक माणूस सांभाळणे म्हणजे काय, हे महागाईच्या दिवसांत घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. तिथल्या घरांनी हे वर्षानुवर्षे केले, आणि आता ती थकली आहेत. काही सीमावर्ती गावांत निर्वासितांनी दुकान टाकू नये, सरपण अमुक डोंगरातूनच आणावे, रात्री फिरू नये असे नियम झाले आहेत. इथे बसून त्या गावांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्या खांद्यावरचा भार वाटून घ्यायला कोणी आले नाही, म्हणून हे नियम झाले.

मुक्काम लांबतो, ही गोष्टही महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, त्यांचे चर्च होते. ती माणसे तिथे निभावली, कारण पहिल्या दिवसापासून व्यवस्था वर्षांच्या हिशेबाने उभी केली होती.

दुसरी तक्रार पाठवलेल्या वस्तूंची. जुने कपडे गाठोड्यात बांधून पाठवू नका. चंफाई समुद्रसपाटीपासून साडेसोळाशे मीटरपेक्षा उंच आहे, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. तिथल्या बायका पुआन, म्हणजे कमरेला गुंडाळायचे विणलेले वस्त्र, नेसतात. आपल्या सुती साड्या, मुलांचे लग्नातले कोट आणि बटणे तुटलेले शर्ट वेगळे काढण्यात तिथल्या तरुणांचे दिवस जातात आणि निम्मा माल शेवटी जाळावा किंवा पुरावा लागतो. महाराष्ट्रातून ट्रकने तांदूळ पाठवणेही तितकेच चुकीचे. सिल्चरहून वैरेंगतेमार्गे ऐझॉलला जाणारा रस्ता पावसाळ्यात दरडींनी बंद पडतो, गाड्या अडकतात, पोत्यांना ओल लागते आणि वाहतुकीचा खर्च तांदळाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. १३ सप्टेंबर २०२५ रोजी बैराबी-सैरांग रेल्वे सुरू झाल्यापासून ऐझॉलच्या उंबरठ्यापर्यंत माल येणे सोपे झाले आहे, पण ते तिथल्या घाऊक व्यापाऱ्यासाठी. आपण पैसे पाठवावेत, खरेदी तिथे होऊ द्यावी. शेजारच्या गावातून भाजी आणि तांदूळ विकत घेतला की त्या गावालाही निर्वासितांमुळे चार पैसे मिळतात, आणि भांडणे कमी होतात.

वस्तूंविषयी आणखी तीन गोष्टी, कारण या चुका पुन्हा पुन्हा होतात.

बाळांसाठी दूध पावडरीचे डबे पाठवू नका. उकळलेले पाणी आणि स्वच्छ बाटली नसेल तर त्या डब्यातून जुलाब होतात, आणि आईचे दूध आटते ते वेगळेच. त्या पैशांत बाळंतिणीला डाळ, अंडी, तेल जास्त द्या.

डाळ निवडताना मसूर निवडा. तूरडाळीपेक्षा ती लवकर शिजते, सरपण कमी लागते. सरपण हा छावणीतला सगळ्यात नाजूक विषय आहे. गावाच्या राखीव रानात कुऱ्हाड लागली की दुसऱ्या दिवशी गाव पंचायत बसते. सामुदायिक स्वयंपाकाला मोठे प्रेशर कुकर दिले तर हा ताण कमी होतो.

ताडपत्री देताना जाड, कडांना छिद्रे पाडून कडी बसवलेली द्या. स्वस्त पातळ प्लास्टिक एका पावसाळ्यात फाटते. मिझोरममध्ये मे ते सप्टेंबर धो धो पाऊस असतो, आणि त्याच राज्यात जानेवारी ते एप्रिल झरे आटतात. माणशी रोज १५ लिटर पाणी धरले तर शंभर जणांच्या वस्तीला दीड हजार लिटर लागते. म्हणजे दोन हजार लिटरची टाकी दीड दिवसही पुरत नाही. पन्नास चौरस मीटर पत्र्याच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता ४०० लिटर हाती लागते. म्हणून पन्हाळी, पाइप आणि जास्त टाक्या यांवरचा खर्च कपड्यांपेक्षा दसपटीने उपयोगी आहे. वीस माणसांमागे एक संडास, महिन्याला माणशी अंघोळीचा पाव किलो आणि कपड्यांचा दोनशे ग्रॅम साबण, वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पॅडचे पाकीट, ही मदतकार्यातली सर्वमान्य मापे आहेत. मापे माहीत असताना अंदाजाने पाठवू नये.

तिसरी तक्रार आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. आपण कायदा वाचलेला नाही, आणि त्याचा त्रास निर्वासितांना होतो. भारताने १९५१ चा निर्वासित करार किंवा १९६७ चा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. आपल्या कायद्याच्या दृष्टीने नदी ओलांडून आलेली बाई ही निर्वासित नसून विनापरवाना आलेली परदेशी व्यक्ती आहे. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवून कळवले की घुसखोरी रोखा, निर्वासिताचा दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. आठच दिवसांत मिझोरमच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपण या लोकांकडे पाठ फिरवू शकत नाही असे कळवले. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशी माणूस मुक्कामाला ठेवणाऱ्याने, त्याला प्रवेश देणाऱ्या शिक्षणसंस्थेने आणि दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयाने त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे.

अनेक मंडळ्यांत असा समज आहे की नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात ख्रिस्ती हा शब्द आहे, म्हणजे चिन लोकांचे भागेल. भागत नाही. २०१९ चा तो कायदा पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश एवढ्यांपुरता आहे, आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. म्यानमार त्यात नाही. बॉम लोक बांगलादेशातून आले, पण नोव्हेंबर २०२२ पासून. २०२५ च्या कायद्यासोबत निघालेल्या सवलतीच्या आदेशात बांगलादेशातल्या छळामुळे आलेल्या अल्पसंख्याकांसाठी ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. तो आदेश बॉम कुटुंबांना लावून घेता येईल का, हे वकिलांनी प्रकरणागणिक तपासले पाहिजे. कोणत्या मंडळीने असा वकील दिला?

कायद्याच्या अज्ञानातून काय बिघडते ते सांगतो. दया येऊन कोणी एखाद्या मुलाला मुंबई-पुण्याला आणतो, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लावतो. त्या मुलाजवळ मिझोरम सरकारने दिलेले ओळखपत्र असते. ते ओळखीपुरते आहे, राज्याबाहेर चालत नाही. स्टेशनवर चौकशी झाली की मुलगा कोठडीत, आणि ठेवून घेणारी संस्थाही अडचणीत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची नोंदणी दिल्लीत होते, मिझोरममध्ये त्यांचे कार्यालय नाही. दिल्लीपर्यंतचा प्रवास हाच गुन्हा ठरू शकतो. याच पेचावर मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ रोजी म्यानमारच्या सात जणांना उच्चायुक्तालयाकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवासाची मुभा दिली, आणि जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत न ढकलण्याचे तत्त्व घटनेच्या २१ व्या कलमात धरता येते असे म्हटले. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते की जिवाचे रक्षण परदेशी माणसालाही लागू आहे. गृहमंत्रालयाच्या २९ डिसेंबर २०११ च्या कार्यपद्धतीनुसार छळाची भीती खरी आढळली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. त्यावर खासगी नोकरी आणि शिक्षण दोन्ही करता येते. म्हणजे दरवाजा पूर्ण बंद नाही, पण तो अर्ज, प्रतिज्ञापत्र, अनुवाद आणि पाठपुरावा यांनी उघडतो. आपल्या मंडळ्यांत वकील आहेत, सेवानिवृत्त तहसीलदार आहेत, शिरस्तेदार आहेत. त्यांना आपण कार्यक्रमात हार घालतो, काम मागत नाही.

एक छोटी गोष्ट सांगतो, जिच्यावर एका माणसाचे आयुष्य उभे राहते. निर्वासित आईच्या पोटी इथे जन्मलेल्या बाळाची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली होऊ शकते आणि व्हायलाच हवी. २१ दिवसांत ती नियमित आणि विनाशुल्क होते. महिना उलटला की वरिष्ठांची परवानगी आणि विलंब शुल्क लागते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. या दाखल्याने नागरिकत्व मिळत नाही. पण दाखला नसेल तर ते मूल कोणत्याच देशाचे नाही असे उद्या कोणीही म्हणू शकेल. घरी किंवा छावणीत झालेल्या बाळंतपणात ही नोंद सर्रास राहून जाते. प्रत्येक वस्तीत एक माणूस, एक वही आणि तारखांची यादी एवढ्यावर हे काम होते.

चौथी तक्रार आपल्या शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयांविषयी. मणिपूरहून विस्थापित झालेले कुकी-झो विद्यार्थी भारताचे नागरिक आहेत. त्यांना वर सांगितलेला एकही कायदा आड येत नाही. तरी मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडतो. ते कागद घरासोबत जळाले. दुय्यम प्रत बोर्डाकडून मिळते, पण अर्ज, पोलिसांत नोंद आणि टपालाला महिने जातात. तोवर हंगामी प्रवेश देणे संस्थेच्या हातात असते. मिझोरमच्या शिक्षण खात्याने ऑगस्ट २०२१ मध्ये म्यानमारच्या मुलांनाही शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेऊन शाळेत घ्यायला सांगितले. एका छोट्या राज्याने परक्या देशाच्या मुलांसाठी जे केले, ते आपल्या संस्था आपल्याच देशाच्या मुलांसाठी का करत नाहीत? म्यानमारच्या मुलांची खरी अडचण आठवीनंतर सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा चौदा वर्षांची, आणि बोर्डाच्या परीक्षेला कागद लागतात. या टप्प्यावर मुले शाळा सोडतात आणि मुले-मुली दगडखाणीत किंवा बांधकामावर जातात. त्यांच्यासाठी तिथेच शिकवणी वर्ग आणि खुल्या शाळेचा मार्ग शोधावा लागेल.

रुग्णालयांचे म्हणाल तर मिझोरममधून कर्करोगाचे रुग्ण परळच्या टाटा मेमोरियलला किती येतात हे मुंबईच्या मंडळ्यांना माहीत आहे. वाशीच्या मिझोरम हाऊसमध्ये ती कुटुंबे दिसतात. त्याच आजाराचा चिन रुग्ण मात्र ऐझॉलपलीकडे येऊ शकत नाही. म्हणून आपल्या मिशन रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी तिथे गेले पाहिजे. चार दिवसांचे शिबिर नको. रक्तदाबाची गोळी सुरू करून चौथ्या दिवशी निघून जाणारा डॉक्टर रुग्णाला संकटात टाकतो. किमान चार आठवडे राहा आणि जाताना औषधांची यादी तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या ताब्यात द्या. जाणाऱ्याने इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, आधी काढावे. दक्षिणेकडच्या लाँगत्लाई, सिआहा भागांत मलेरिया जास्त आहे, तेव्हा तपासणीचे किट आणि मच्छरदाण्या बरोबर ठेवाव्यात.

पाचवी तक्रार थोडक्यात. आपले ठराव ‘आपल्या ख्रिस्ती बांधवांसाठी’ असतात. सीमा ओलांडून आलेल्यांत बौद्धही आहेत. आणि म्यानमारच्याच लष्कराने देशोधडीला लावलेले रोहिंग्या मुसलमान आपल्या एकाही ठरावात नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस ढाक्याला रोहिंग्यांना भेटले, तेव्हा त्या बातमीचे आपल्याकडे कौतुक झाले. त्या कौतुकाचा अर्थ आपण काय घेतला होता? मदत देताना धर्म विचारला जाणार नाही, आणि मदतीसोबत पत्रके वाटली जाणार नाहीत, हे लेखी ठरले पाहिजे.

काही पंच म्हणतील की परदेशातल्या मोठ्या चर्च संस्था आहेत, त्या बघतील. २०२० मध्ये परकीय देणगी कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर एका संस्थेला मिळालेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे आणायची आणि गावातल्या छोट्या समितीला द्यायची, तो मार्ग बंद झाला. आता गावपातळीवर पोहोचू शकणारा पैसा देशातलाच आहे, म्हणजे आपला.

आमच्या मागण्या अशा.

येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात प्रत्येक मंडळीने ‘निर्वासित साहाय्य’ ही स्वतंत्र बाब तीन वर्षांसाठी धरावी. मोजमाप मुठीचेच ठेवा: सहा घरांमागे एका माणसाचा महिन्याचा तांदूळ, म्हणजे १२ किलोची तिथल्या बाजारभावाने होणारी किंमत. शंभर कुटुंबांच्या मंडळीवर सोळा माणसांचा भात येतो. ज्यांना जास्त जमेल त्यांनी डाळ-तेलही घ्यावे.

हे पैसे मिझोरममधल्या स्थानिक मदत समित्यांना बँकेतूनच जावेत, लेखी करार करून, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मागून. त्याआधी आपल्या ट्रस्टच्या घटनेतली उद्दिष्टे आणि कार्यक्षेत्र तपासा. कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल तर ऑडिटर आक्षेप घेईल. तेव्हा दुरुस्तीचा ठराव करून धर्मादाय आयुक्तांकडे बदल नोंदवा, किंवा कार्यक्षेत्र देशभर असलेल्या संस्थेमार्फत द्या. एक रुपयाही सीमेपलीकडे जाता कामा नये, त्याने सगळे काम धोक्यात येते. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती करसवलत वस्तूंवर मिळत नाही, दोन हजारांवरच्या रोख रकमेवर मिळत नाही, आणि विशिष्ट धर्मासाठीच स्थापन झालेल्या संस्थेला सहसा मिळत नाही. देणगीदाराला हे आधीच सांगा, मार्चमध्ये वाद नकोत.

प्रत्येक डायसिसने आणि धर्मप्रांताने किमान दोन वकील आणि एक अनुवादक या कामासाठी नेमावा, येण्या-जाण्याचा आणि राहण्याचा खर्च द्यावा.

आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने आणि वसतिगृहाने मणिपूरच्या विस्थापित विद्यार्थ्यांसाठी दोन जागा ठेवाव्यात, मूळ कागदांसाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि तोवर हंगामी प्रवेश द्यावा.

मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मिझो, कुकी, नागा तरुणांच्या उपासनांना दुपारच्या रिकाम्या वेळी चर्च किंवा हॉल भाड्याशिवाय द्यावा. लग्नाच्या हॉलचा दर त्यांना लावणे थांबवावे.

आणि सर्व पंथांच्या प्रमुखांनी एकत्र सही करून केंद्रीय गृहमंत्रालयाला एक निवेदन द्यावे. त्यात चार गोष्टी असाव्यात: म्यानमारहून आलेल्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळावा आणि त्याचे अर्ज ऐझॉलमध्येच घेतले जावेत, उच्चायुक्तालयाला मिझोरममध्ये नोंदणी करू द्यावी, गंभीर रुग्णाला उपचारासाठी राज्याबाहेर जाण्याचा पास मिळावा, आणि जुलै २०२५ पासून सुरू झालेल्या बोटांच्या ठशांच्या नोंदणीचा उपयोग परत धाडण्यासाठी होणार नाही, अशी लेखी हमी मिळावी. सीमेवर मुक्त ये-जा पूर्वी १६ किलोमीटरपर्यंत होती. ती आता १० किलोमीटर आणि सीमा पास यांवर आली आहे, आणि कुंपणाचे काम ठरले आहे. हे निवेदन जितके उशिरा जाईल, तितका त्याचा उपयोग कमी होईल.

या पत्राला उत्तर भाषणातून नको. पंच कमिटीच्या ठरावाची प्रत, त्यावर रक्कम आणि पहिल्या हप्त्याची तारीख एवढे पुरे. हप्ता एप्रिलअखेर निघाला तर मे महिन्यातल्या पहिल्या पावसाआधी तांदूळ गोदामात पोहोचतो. जूनमध्ये निघाला तर तो दरडीपलीकडे अडकतो.

आपले,
मदतकार्यात असलेले आपल्याच मंडळ्यांचे काही सभासद